पाचोळा, पाचट की तूस? सोसायटीच्या वाफ्यांना आच्छादन घालताना

बागेच्या वाफ्यांवर आच्छादन, म्हणजे माती झाकणारा पाल्यापाचोळ्याचा थर, कशाचं घालावं, हे २०२४ च्या जानेवारीत मी शोधायला बसले, तेव्हा दोनच तऱ्हेची माहिती हाती लागत होती. एक शेतकऱ्यांसाठी, एकरी टनांच्या हिशोबातली. दुसरी थंड देशांतल्या बागांसाठी. त्यांच्याकडे पाइनची साल पोत्यापोत्यांनी दुकानात मिळते. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहून खालचे चार वाफे सांभाळणाऱ्या बाईला या दोन्हींचा उपयोग नव्हता. म्हणून आमचं वर्ष कसं गेलं ते तारखा, खर्च आणि कागदपत्रांसकट लिहून ठेवते आहे.

आमचे वाफे असे: भिंतीकडेला जास्वंद, तगर आणि कुंदाची रांग, गुलाबांचा एक, वांगी, टोमॅटो, मिरचीचा एक, आणि आंब्याच्या अर्धवट सावलीत हळद-आल्याचा एक. सगळे मिळून साधारण सहाशे चौरस फूट. माती म्हणजे इमारत बांधताना पसरलेला मुरूम आणि त्यावर दर वर्षी घातलेलं थोडं शेणखत. सकाळी पाणी घातलं की दुपारपर्यंत वरचा थर पांढरा पडायचा.

२०२३ चा पावसाळा कोरडा गेला होता. ऑक्टोबरअखेर राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आपल्या जिल्ह्यातले दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर आणि शिरूर होते. आमच्याकडे जानेवारीतच टँकर सुरू झाले. दहा हजार लिटरला तेराशे रुपये. २८ जानेवारीच्या बैठकीत खजिनदारांनी सरळच सांगितलं, "बागेचं पाणी निम्म्यावर आणा, नाहीतर उन्हाळ्यापुरतं बंद." मी म्हटलं, आच्छादन करून बघू, निम्म्या पाण्यात भागेल. सेक्रेटरी म्हणाले, लेखी अर्ज द्या, पुढच्या बैठकीत घेऊ.

अर्ज एका पानाचा लिहिला. कुठला वाफा, किती जाडीचा थर, साहित्य कुठून येणार, खर्च किती आणि कोण लक्ष ठेवणार, एवढंच. तुम्हालाही सोसायटीत असं काही करायचं असेल तर तोंडी होकारावर जाऊ नका. कमिटी बदलते, माळी बदलतो, आणि ठरावाच्या वहीत नोंद नसेल तर तुमचं आच्छादन कुणीतरी एका रविवारी "साफसफाई" म्हणून उचलून नेतं.

१८ फेब्रुवारीच्या बैठकीत आक्षेप आले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे रास्त होते. गॅलरीतून कुणी जळतं थोटूक टाकलं तर? पाल्यात साप, विंचू येतील. डास होतील. आणि तळमजल्यावरच्या आजींचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक होता: "अगं, पण कचऱ्यासारखं दिसेल ना ते!" मी दोन गोष्टी सोबत नेल्या होत्या. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा होता, तो रस्त्यावर टाकता किंवा जाळता येत नव्हता. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये दंडाचा आदेश दिला आहे. आमच्याकडे होळीच्या आधी पाचोळ्याचा ढीग करून पेटवायची जुनी सवय. पाच हजारांचा आकडा ऐकल्यावर चर्चेचा सूर बदलला.

ठराव झाला तो अटींसह. मीटर रूम आणि जनरेटरपासून दहा फुटांच्या आत आच्छादन नाही. इमारतीच्या भिंतीला लागून एक फूट पट्टी उघडी ठेवायची, वाळवीसाठी. थर तीन इंचांपेक्षा जाड नाही. पावसाळ्यात तक्रार आली तर काढून टाकायचं. या अटी मला तेव्हा जाचक वाटल्या होत्या, पण वर्षअखेर त्यातली एकही बदलावी असं वाटत नाही.

आता साहित्य. फेब्रुवारीचा उरलेला महिना आणि मार्च त्यातच गेला.

पाचोळा दारातच होता. रस्त्याकडेला रेन ट्री, आवारात आंबा, दोन देशी बदाम, एक कांचन, कुंपणाला खोट्या अशोकाची रांग. सगळी पानं सारखी नसतात हे मला पुस्तकी माहीत होतं, गोण्या भरताना ते हाताला कळलं. रेन ट्रीची पानं बारीक, भुरभुरीत. वाफ्यावर आपोआप बसतात, पाणी खाली जाऊ देतात आणि लवकर कुजतात. बदामाचं पान मोठं आणि जाड. तसंच टाकलं तर एकावर एक बसून थाळ्यांचा थर होतो, वरून घातलेलं पाणी कडेने वाहून जातं. ती पानं वाळवून, गोणीत भरून, पायाखाली तुडवून घ्यावी लागली. (हे काम आमच्या मजल्यावरच्या पोरांनी हसतखेळत केलं. पोरं नसतील तर धोपटणं घ्या.) आंबा आणि अशोकाची पानं चिवट, महिनोन् महिने तशीच राहतात, म्हणजे झुडपांच्या रांगेसाठी उत्तम आणि भाजीच्या वाफ्यासाठी निरुपयोगी. शेजारच्या आवारातून निलगिरीची पानं फुकट मिळत होती, ती घेतली नाहीत. त्यांच्यातले अर्क कोवळ्या रोपांना रोखतात. सुबाभळीचा पाला चांगला असतो, पण शेंगा आलेल्या असतील तर हात लावू नका, पावसात वाफाभर सुबाभूळ उगवते.

रस्त्यावरची पानं गोळा केली तर निवडणं आलं. गुटख्याच्या पुड्या, बाटलीच्या काचा, कुत्र्यांची घाण. जाड हातमोजे १८० रुपयांचे घेतले, ते या सगळ्यातले सगळ्यांत शहाणपणाचे पैसे. पुण्यात ज्यांच्याकडे वाळकी पानं जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत अशांची गाठ घालून देणारा 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम बरीच वर्षं चालू आहे. आवारात झाडं नसतील तर तिथून सुरुवात करता येईल.

पेंढ्याचा विचार मी पहिल्यांदा केला होता. भाताचा पेंढा हलका, स्वच्छ आणि दिसायलाही बरा. मुळशीकडच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला फोन केला तर ते म्हणाले, "ताई, यंदा जनावरांनाच पुरंना, तुमच्या फुलझाडांना कुठून देऊ?" विषय तिथेच संपला. दुष्काळी वर्षात पेंढा, कडबा किंवा सोयाबीनचं भुसकट मातीवर पसरणं मला पटतही नाही. कुणाच्या तरी गोठ्यात लागणारी वस्तू शहरातल्या वाफ्यावर टाकू नये, असं माझं मत आहे. भाव परवडत असला तरीही.

मग यवतला दिरांना विचारलं. त्यांचा ऊस नुकताच कारखान्याला गेला होता. "वहिनी, वाढं मागू नका, ते गुरांचं. पाचट कितीबी न्या," ते म्हणाले. उसाचा वरचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं, ते वैरण म्हणून जातं. खालची वाळकी पानं म्हणजे पाचट, ते कुणी खात नाही आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी ते पेटवून देतात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. दिरांनी दोन वर्षांपासून जाळणं बंद केलंय. एकाआड एक सरीत दाबून, टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी कृषी खात्याची शिफारस ते पाळतात. पाचट फुकट, पण ते पुण्याला आणायला छोट्या टेम्पोचे २२०० रुपये आणि चढवण्या-उतरवण्याचे ४०० गेले. इतकं हलकं असतं की टेम्पो भरला तरी वजन काहीच नाही. घरचा ऊसवाला नातेवाईक नसेल आणि एकाच सोसायटीसाठी आणायचं असेल, तर हा खर्च परवडणारा नाही. तीन-चार सोसायट्यांनी मिळून आणावं.

पाचटाच्या पानाला धार असते. हात कापतात, आणि बारीक कूस अंगाला खाजते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच हात लावा. लांबलचक पानं वाफ्यात तशीच टाकली की गुंता होतो. कोयत्याने वीतभर तुकडे केले की बरं बसतं.

तूस, म्हणजे भाताची टरफलं, मावळातल्या भात गिरणीतून आणलं, साठ रुपयांना एक अशी दोन पोती. रसवंतीवाल्याकडून चिपाड फुकट मिळालं. मात्र त्यात साखर उरलेली असते. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय वाफ्याजवळ नेऊ नये, मुंग्या आणि माश्या जमतात. गुऱ्हाळावर चिपाड मागायला जाऊ नका. तिथे ते कढईखाली जाळायला लागतं, तो त्यांचा कचरा नसून सरपण आहे. शहाळ्याच्या गाडीवरच्या करवंट्यांचा ढीग मोहात पाडतो, पण अर्धी करवंटी वाफ्यात पडली की पहिल्या पावसात तिच्यात पाणी साठतं आणि डेंगीचे डास वाढवायला तेवढं पुरतं. चिरून, तुकडे करूनच वापरायच्या. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. वाळलेल्या नारळाची सोडणं मात्र घरोघरी मिळतात, ती सोलून कुंड्यांत घातली.

लाकडाचा भुसा नकोच, हे मी पक्कं ठरवलं. जवळच्या वखारीत सागवानाचा भुसा आणि प्लायवूडचा भुसा एकाच ढिगात होता, आणि प्लायवूडमध्ये डिंकाची रसायनं असतात. दुसरं कारण नत्राचं (नायट्रोजनचं). वाळक्या पानांत नत्राच्या साधारण पन्नासपट कर्ब (कार्बन) असतो, पाचटात शंभराच्या आसपास, लाकडाच्या भुशात चारशेच्या घरात. कर्ब कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि जिवाणू ते शेजारच्या मातीतून घेतात. भुसा वर नुसता पसरला तर हा ओढा अगदी वरच्या पातळ थरापुरता राहतो, मातीत खुरपून मिसळला तर मुळांपर्यंत पोचतो आणि पानं पिवळी पडतात. म्हणून कुठलंही वाळकं आच्छादन असो, ते वर राहू द्यायचं. हे माळीदादांना पटवायला वेळ लागला, कारण त्यांचा हात आपोआप खुरप्याकडे जातो.

नर्सरीत सालीच्या ढलप्याही होत्या. दहा किलोच्या पिशवीला साडेसहाशे. गुलाबाच्या वाफ्यालाच किती पिशव्या लागतील याचा हिशोब केला आणि पिशवी परत ठेवली.

हिशोबावरून आठवलं, जाडी आणि गोण्या यांचं गणित कुणी सांगत नाही. शंभर चौरस फुटांवर तीन इंच थर म्हणजे पंचवीस घनफूट. धान्याच्या पन्नास किलोच्या गोणीत साधारण तीन घनफूट मावतात, म्हणजे दाबून भरलेल्या आठ-नऊ गोण्या. पण पाचोळा पहिल्या पाण्यानेच खाली बसतो, तेव्हा सैल भरलेल्या असतील तर दुप्पट धरा. आम्ही जुन्या गोण्या पंधरा रुपयांना एक अशा तीस घेतल्या आणि त्याच पुन्हा पुन्हा भरल्या.

मधे एक कागदी प्रकरण झालं. आंब्याची एक फांदी गच्चीच्या पाइपवर घासत होती आणि मला वाटलं, छाटणी होणारच असेल तर तिच्या ढलप्या आपल्याला मिळतील. आवारातलं झाड असलं तरी छाटायला परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ तिथे लागू होतो. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, झाडाचे आणि फांदीचे फोटो, कमिटीच्या ठरावाची प्रत, मग पाहणी, मग परवानगीचं पत्र. ते मार्चअखेर आलं. छाटणीवाल्याला आधीच सांगून ठेवा की फांद्या न्यायच्या नाहीत, नाहीतर तो त्या सरपणासाठी नेतो आणि आपण हात चोळत बसतो. फांद्या बारीक करायच्या यंत्राचा भाव काढला तर चाळीस हजारांच्या वर होता. कमिटीने हसून सोडून दिलं. शेवटी अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या कोयत्याने तोडून झुडपांच्या रांगेत तळाला घातल्या. पानं वर.

होळी २४ मार्चला होती. भरलेल्या गोण्या त्या आठवड्यात जिन्याखाली कुलपात ठेवल्या, कारण पोरांच्या डोळ्यांत त्या होळीच्याच होत्या. (जिन्याखाली वाळका पाला ठेवणं आगीच्या दृष्टीने बरोबर नाही, हे सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी लक्षात आणून दिलं. गोण्या मग पंपाच्या खोलीमागे, ताडपत्रीखाली गेल्या.)

३१ मार्चच्या रविवारी घातलं. आदल्या संध्याकाळी वाफे भरपूर भिजवून घेतले. कोरड्या मातीवर कोरडं आच्छादन घातलं तर वरचं पाणी आच्छादनच पिऊन टाकतं. वाफसा आला, म्हणजे माती हाताला चिकटेना आणि कोरडीही वाटेना, तेव्हा शेणाची पातळ स्लरी शिंपडली आणि वर थर दिला. जास्वंदीच्या रांगेत काटक्या आणि आंब्या-अशोकाची पानं. गुलाबांना पाचट. भाजीच्या वाफ्याचे तीन भाग करून एकात रेन ट्रीचा पाचोळा, एकात तूस, एकात वाळवलेलं चिपाड. हळदीचा वाफा तेव्हा रिकामा होता, तो उघडाच ठेवला, तुलनेसाठी. प्रत्येक खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. खोडाला ओलं आच्छादन टेकलं की साल कुजते.

माळीदादा गप्प होते. विचारल्यावर म्हणाले, "ताई, लोक म्हणतील माळी झाडत नाही." त्यांचं म्हणणं पूर्ण खरं होतं. झाडलेला वाफा म्हणजे काम केलेला वाफा, असं सगळा मजला मानतो. मग आम्ही वाफ्यांच्या कडेने पडून असलेल्या विटा तिरप्या लावल्या आणि विटेच्या आत दोन बोटं जागा मोकळी ठेवली. तेच साहित्य, पण आता ते मुद्दाम केलेलं दिसायला लागलं, आणि तळमजल्यावरच्या आजींनी पाडव्याला पाट मांडायला त्याच विटांजवळची जागा निवडली. दिसण्याचा प्रश्न खर्चाशिवाय सुटतो. फक्त कड सरळ हवी.

एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन दुपारी दोनला मातीत दोन इंच खुपसायची मला सवयच लागली. उघड्या हळदीच्या वाफ्यात ४२ अंश, पाचोळ्याखाली ३१, पाचटाखाली ३२, तुसाखाली ३५. आकडे एका साध्या थर्मामीटरचे आहेत, पण रोज तोच क्रम यायचा. पाणी आधी रोज लागायचं, ते पाचोळ्याच्या भागात तिसऱ्या दिवशी दिलं तरी बोट खुपसल्यावर ओल लागायची. तेच तंत्र वापरा: बोटाचं दुसरं पेर भिजलं नाही तर पाणी, भिजलं तर उद्या.

तुसाने मात्र त्रास दिला. दुपारच्या वावटळीत ते उडून तळमजल्याच्या गॅलऱ्यांत गेलं, आणि मे महिन्यातला पहिला वळीव आल्यावर उरलेलं तरंगून गटाराच्या जाळीवर बसलं. जाळी माळीदादांनी आणि मी साफ केली. तूस वाईट नाही. त्यात सिलिका असते, सावकाश कुजतं, रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये किंवा वाऱ्याआड कुंडीत छान चालतं. उघड्या, उताराच्या वाफ्यावर वरून ते एकटं टाकू नये. चिपाडाने माती गार ठेवली, पण त्याचे पांढरे तुकडे शेवटपर्यंत कचऱ्यासारखे दिसले आणि मुंग्यांनी थोडंबहुत घर केलंच.

पाचटाखाली गुलाबांच्या मुळांशी मे महिन्यात मातीचे बोगदे दिसायला लागले. वाळवी. ती जिवंत झाडाला लागलेली नव्हती, वाळकं पाचट खात होती. थर उलथून ओला केला, भिंतीकडची पट्टी पुन्हा तपासली, निंबोळी पेंड दोन मुठी टाकली. वाळवीला कोरडं, न हलवलेलं साहित्य आवडतं. आठवड्याला काठीने हलवलं की तिचा मुक्काम लांबत नाही. इमारतीच्या भिंतीपासून एक फुटाची अट किती कामाची होती ते त्या दिवशी पटलं.

हळद आणि आलं मेच्या शेवटच्या आठवड्यात लावलं. या पिकाला लावताक्षणी आच्छादन लागतं, हे आपल्याकडे जुनंच शेतीतलं शहाणपण आहे. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) हिरव्या फांद्या ओळखीच्या एका फार्महाऊसच्या कुंपणावरून मिळाल्या. हिरवा पाला वाळक्यापेक्षा अगदी वेगळा वागतो: त्यात नत्र भरपूर, पंधरा-वीस दिवसांत विरघळून खत होतो. म्हणजे तो माती झाकायला कमी आणि खाऊ घालायला जास्त. त्यावर रेन ट्रीचा पाचोळा पातळसा घातला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि सगळे नियम उलटे झाले. ज्या तीन इंचांनी एप्रिलमध्ये वाफे वाचवले, तेच जुलैत ओल कोंडून धरायला लागले. गुलाबाच्या पाचटाखालची माती वास मारायला लागली. पाचट अर्ध्याहून जास्त काढून कुजवायच्या खड्ड्यात टाकलं आणि खोडांभोवतीचं वर्तुळ एक वीत मोकळं केलं. गुलाबांची काळे डाग पडलेली पानं वाफ्यात गळतात, त्यांचं आच्छादन होऊ द्यायचं नाही. रोज वेचून बाहेर. २५ जुलैला, नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं त्या दिवशी, आमच्या उताराच्या रांगेतली वरची पानं वाहून खाली गेली, पण तळाच्या काटक्यांनी माती धरून ठेवली. उताराच्या वाफ्यात तळाला काटक्या घालाच.

एका सकाळी भाजीच्या वाफ्यात पिवळाधमक फेस उगवला आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. कुणी विष म्हणालं, कुणी रसायन टाकल्याचा संशय घेतला. ती एक प्रकारची लिबलिबीत बुरशीसारखी वाढ असते, ओल्या कुजणाऱ्या पाल्यावर येते, दोन-तीन दिवसांत वाळून तपकिरी भुकटी होते आणि झाडांना काही करत नाही. खुरप्याने उचलून खड्ड्यात टाकली, ग्रुपवर तसं लिहिलं, विषय संपला. छत्र्याही येतात. त्या खायच्या नाहीत, इतकंच मुलांना सांगून ठेवायचं.

गोगलगायी हा खरा प्रश्न. २०२२ मध्ये लातूर, बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, ते बातम्यांत वाचलं होतं. आमच्याकडे त्या आच्छादनाखाली दिवसभर लपून रात्री मिरचीच्या रोपांवर यायच्या. कृषी विद्यापीठांनी सांगितलेला उपाय केला: संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्यात पसरायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोज्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ मातीवर टाकायचं नाही. बाजारातल्या विषारी गोळ्या आम्ही आणल्या नाहीत, आवारात कुत्री-मांजरं आहेत. ऑगस्टपर्यंत भाजीच्या वाफ्यात फक्त बोटभर थर ठेवला आणि त्रास आटोक्यात आला.

साप? नाही आला. विंचूही नाही. तीन इंच थरातही विंचू लपू शकतो, पण मोठ्या ढिगाइतकी जागा तिथे नसते. त्यांना विटांचे, काटक्यांचे न हलवलेले ढीग आवडतात. आमच्या पंपाच्या खोलीमागे असा ढीग होता, तो या निमित्ताने हलवला.

२२ सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत खर्च ठेवला. गोण्या ४५०, टेम्पो २२००, हमाली ४००, तूस १२०, हातमोजे १८०, माळीदादांच्या जादा दिवसांचे २१००. एकूण ५४५० रुपये. छाटणीचे पैसे वेगळ्या खात्यातून. टँकरची बचत किती, असं विचारलं गेलं. बागेचं पाणी वेगळ्या मीटरवर नाही, म्हणून मी आकडा दिला नाही. पाणी निम्म्याहून कमी झालं एवढं माळीदादांनी उभं राहून सांगितलं. आक्षेप एकच आला, ग्रुपवरच्या पिवळ्या फेसाचा, आणि त्यावर बाकीचेच बोलले. पानांच्या गोण्या कचरागाडीत न देण्याचा ठराव झाला.

दसऱ्यानंतर ऑक्टोबरच्या उन्हात दुसरा थर दिला आणि या वेळी निवड सरळ झाली. झुडपांच्या रांगेला आंबा-अशोक, कारण तिथे वर्षातून एकदाच हात लावायचा असतो. गुलाबांना वाळकी रेन ट्रीची पानं, पाचट नाही, कारण पाऊस संपला तरी त्यातली वाळवी मला पुन्हा नको होती. भाजीला वर्षभर पातळ थर, दर महिन्याला नवा, बारीक पाचोळ्याचा. हळदीला गिरिपुष्प. तूस आता कुंड्यांत. पाचट यंदा आणणार नाही. पलीकडच्या दोन सोसायट्या टेम्पोच्या भाड्यात वाटा उचलतील तरच.

बदामाची पानं जानेवारीत लाल होऊन पडायला लागतात, रेन ट्री फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून गोण्या डिसेंबरातच धुऊन, वाळवून ठेवा आणि त्यांच्यावर झाडाचं नाव खडूने लिहा. मार्चअखेर सगळा पाला एकसारखाच तपकिरी दिसतो.